दस्तगीर मिस्त्रींचा पंखा

दस्तगीर मिस्त्रींविषयी मी आजवर कुठे लिहिलं नाही आणि कुणाला नीट सांगितलंही नाही. घरात पुराचा विषय निघाला की मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही सुधारलेल्या त्या होडीची गोष्ट सांगा ना." मी आमटी वाढून घेतो आणि दुसरंच काहीतरी बोलतो. आता वय ऐंशीच्या पुढे गेलं. आणखी टाळलं तर गोष्ट चुकीचीच राहून जाईल. ती होडी मी सुधारली नव्हती. सुधारली दस्तगीर मिस्त्रींनी, आणि बिघडवली मी. एवढं लिहून टाकल्यावर पुढचं सांगायला मला जरा हलकं वाटेल. कारण त्या माणसाविषयी सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं हसण्यासारखं आहे.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात एका सरकारी खात्यात ओव्हरसियर होतो. नोकरी अजून कच्ची होती आणि लग्न नवं होतं. खात्याला पुराच्या कामासाठी एक सपाट बुडाची होडी आणि तिच्या मागे अडकवायचं पेट्रोलचं इंजिन मिळालं होतं. रिकामी होडी पंचगंगेत अशी पळायची की घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. पण दहा माणसं बसवली की तिचं सोंग पालटायचं. नाक आभाळाकडे, शेपूट पाण्यात, आणि इंजिन घसा फोडून ओरडतंय. अशा होडीला सुरुवातीला वेग घेऊन पाण्यावर उठावं लागतं. एकदा उठली की ती पाण्यावरून घसरत जाते, तोवर नुसती पाणी ढकलत बसते. पुराच्या ओढीत ही ढकलाढकल लांबली तर होडी प्रवाहाबरोबर खाली गेलीच म्हणून समजा. आमची भरलेली होडी काही केल्या लवकर उठत नव्हती.

होडी चालवायला तुकाराम आंबी होते. त्यांच्या घराण्याच्या कैक पिढ्या कृष्णेत होड्या हाकण्यात गेलेल्या. ते म्हणाले, "सायब, मंगळवार पेठेत दस्तगीर वस्ताद हाय. पंपाच्या पोटात पाणी ढकलनारं चाक, इंपेलर, त्ये ओततोय. पाणी कसं ढकलायचं ते त्याला इचारा."

मी गेलो. पत्र्याच्या छपराखाली भट्टी, ओतकामाच्या काळ्या वाळूचा ढीग, आणि मधोमध एक आडदांड माणूस बैठका मारत होता. कान कुस्तीत मोडलेले, मिशीवर वाळू. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. शंभर पुऱ्या झाल्यावर म्हणाले, "बोला पावणं. पंप हाय का इंजान?"

"होडी आहे," मी म्हणालो.

"वा! कोल्हापुरात होडी! उद्या म्हैस इमानात बसंल."

पण दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून घाटावर हजर झाले. आल्या आल्या इंजिनाकडे बघितलंच नाही. होडीत वाळूची दहा पोती टाकायला लावली, स्वतः मागे बसले आणि मला काठावर उभं केलं.

"सायब, तुमी बैठका मारा."

"मी? कशासाठी?"

"होडी उठंस्तवर किती बैठका होतात ते मोजायचं. आमच्या तालमीत सगळं असंच मोजतात."

मी म्हटलं, घड्याळ आहे की माझ्याजवळ. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे आयुष्यभर विसरू शकलो नाही. "घड्याळाला दम लागत न्हाय, सायब. किती उशीर झाला ते दम लागलेल्यालाच कळतंय."

मी चप्पल काढली, पँट दुमडली आणि घाटाच्या पायरीवर बैठका मारायला लागलो. सरकारी अधिकारी भर सकाळी बैठका मारतोय म्हटल्यावर गर्दी जमायला वेळ लागला नाही. होडी उठली तेव्हा माझ्या त्रेचाळीस झाल्या होत्या. घरी जिना मी हातापायांवर चढलो. बायको आधी घाबरली, मग कारण ऐकून ओट्याला टेकून हसत सुटली.

मी इंजिनिअरिंग शिकलेला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दा काढला, "मिस्त्री, मी दमलो की बैठका हळू होणार, मग आकडा आपोआप कमी येणार. याला मोजमाप म्हणत नाहीत." त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "बरोबर हाय. घड्याळ लावून घ्याला पायजे." म्हणजे काय, तर पंधरा दिवस मला रोज पहाटे त्यांच्या तालमीत पाठवलं. लाल मातीत, पोरासोरांच्या मागे उभं राहून, एका लयीत पन्नास बैठका न थांबता मारता येईपर्यंत. तेव्हापासून माझं नाव पडलं घड्याळसायब. ऑफिसच्या फाटकाशी ते सायकलवरूनच ओरडायचे, "काय घड्याळसायब, चावी दिलीया न्हवं?" आमचा शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसायचा.

त्यांचं काम बघणं हा सोहळा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग होडी पळवायची, मग माझ्या बैठका. पहिल्यांदा त्यांनी होडीतलं सामान हलवलं. पेट्रोलची टाकी, नांगर, दोर, सगळं मागे कोंबलेलं होतं. "सगळं बिऱ्हाड शेपटावर घेतल्यावर ती उठंल कशी?" म्हणत त्यांनी ते पुढे नेलं आणि वाळूची पोतीही पुढे सरकवली. सदतीस. मग इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात उतरणारा खालचा भाग. तो मागच्या बाजूला जास्त बाहेर झुकलेला होता, त्यामुळे नाक वर जात होतं. पायाचा कल ठरवणारी खीळ त्यांनी एक भोक आत घेतली. तेहतीस. मग उंची. इंजिनाला पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती त्यांनी सूत धरून बघितली. होडीच्या बुडापेक्षा ती बरीच खाली होती. "हे बघा, कंबरंएवढ्या पाण्यात पैलवान पळतोय. गुडघ्यापतुर आना त्याला." त्यांनी इंजिनाखाली सागवानी फळीचा बोटभर जाड तुकडा सरकवला. आकडा उतरला. दुसरा सरकवला, आणखी उतरला. तिसरा सरकवला आणि इंजिन एकदम किंचाळलं, होडी जागची हलेना.

"काय झालं?"

"हवा खाल्ली त्यानं," मिस्त्री हसत म्हणाले. "पंखा वर आला, पान्याबरोबर हवा वढाय लागला. हवंवर कोन जगलंय? काढा एक." तिसरा तुकडा काढला आणि आम्ही सव्वीसवर आलो.

राहिला पंखा. कंपनीचा पंखा त्यांनी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट फिरवला. मग मला म्हणाले, "जोतिबाला चालत गेलाय न्हवं? पायऱ्या उंच असल्या की मोकळा मानूस ढांगा टाकत जातोय. पर डोक्यावर पोतं दिलं की गुडघं बोलाय लागतात. ह्या पंख्याची पाती जास्त तिरकी हायती. एका फेऱ्यात लई लांब ढांग टाकतोय. रिकाम्या होडीला झकास. भरल्या होडीला पायरी बारकी पायजे, म्हंजे भराभरा चढंल."

"मग रिकाम्या होडीचा वेग कमी होईल ना?"

"हुईल की थोडा. पुरात रिकामी होडी कोनाला आनायची हाय तुमाला?"

त्यांनी लाकडाचा साचा कोरला, वाळूत दाबला आणि गनमेटलचा, म्हणजे काशासारख्या मिश्रधातूचा, नवा पंखा ओतला. पाती तशीच, पण कल कमी. दोन सुऱ्या धार वर करून समांतर ठेवायचे, त्यांवर दांडीत घातलेला पंखा ठेवायचे आणि हलकेच फिरवायचे. जड पातं खाली येऊन थांबतं. तेवढंच कानशीनं घासायचं. पुन्हा फिरवायचं. अखेर पंखा कुठेही थांबायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या मधल्या गोलावर छिन्नीनं आपली खूण ठोकली, एक छोटीशी गदा. त्यांच्या प्रत्येक ओतकामावर ती असायची. "आमचं नाव कुठं पाटीवर न्हाय," ते म्हणायचे. "आमचं नाव पान्याखाली फिरतंय. कुनाला दिसत न्हाय, पर हाय."

तो पंखा लावून होडी काढली, आणि माझी अठरावी बैठक पुरी होत असताना तिचं नाक खाली आलं, ती पाण्यावर उठली आणि दहा पोती घेऊन बंधाऱ्याकडे सुटली. तुकाराम आंबींनी होडीतच शीळ घातली. मिस्त्री ओलेचिंब होऊन परत आले आणि त्यांनी मला काठावरून उचललं, पैलवानाला खांद्यावर घेतात तसं. "अठरा!" ते सगळ्या घाटाला ओरडून सांगत होते. "अठरा बैठकांत उठली!"

इथपर्यंत सगळं छान आहे. आता माझं.

पाऊस चांगला लागल्यावर मोठे साहेब होडीची पाहणी करायला येणार असा निरोप आला. कंपनीचा पंखा काढून मंगळवार पेठेतला पंखा बसवायला मी लेखी परवानगी घेतलेली नव्हती. शिवाय साहेब रिकामी होडी पळवून वेग बघणार, आणि रिकाम्या होडीला जुना पंखा जास्त पळवतो हे मला माहीत होतं. त्या सकाळी तुकाराम आंबी न्याहारीला गेले असताना मी माझ्या हातांनी मिस्त्रींचा पंखा काढला, कंपनीचा लावला, फळीचे तुकडे काढून इंजिन खाली घेतलं आणि खीळ पूर्वीच्या भोकात घातली. संध्याकाळी पुन्हा होतं तसं करू, असं ठरवलं होतं.

साहेब आले, होडी पळाली, साहेब खूश झाले. "काम चांगलं ठेवलंय. तुमच्या कायम होण्याचं बघतो," म्हणाले. मग मला ते बदलावंसं वाटेना. साहेब पुन्हा आले तर? आज करू, उद्या करू, असे आठ दिवस गेले. तुकाराम आंबी दोनदा म्हणाले, "सायब, वस्तादाचा पंखा लावा की." मी त्यांना सांगितलं, "वरून हुकूम आहे." असा कुठलाही हुकूम नव्हता.

नवव्या दिवशी पाणी चढलं. नृसिंहवाडीच्या अलीकडे एका वस्तीला वेढा पडला आणि आमची होडी गेली. मी काठावर होतो. नऊ माणसं आणि एक शेळी घेऊन होडी वळली, तुकाराम आंबींनी इंजिन पूर्ण सोडलं आणि होडीचं नाक आभाळाकडे गेलं. मी नकळत मनात बैठका मोजायला लागलो. अठरा झाल्या. पंचवीस झाल्या. होडी उठत नव्हती, प्रवाह तिला आडवी खाली नेत होता. पस्तीसच्या पुढे कुठेतरी ती पाण्यात बुडालेल्या एका बाभळीवर जाऊन आदळली, पंख्याचं पातं तुटलं आणि इंजिन बंद पडलं. तुकाराम आंबींसकट सगळ्यांनी बाभळीला मिठ्या मारल्या. शेळीने मात्र कुणाची वाट बघितली नाही. तिनं उडी मारली आणि पोहत सगळ्यांच्या आधी काठाला लागली. दीड तासाने वल्ह्यांच्या होडीतून सगळे सुखरूप आले. त्यातली एक म्हातारी अंगातले काटे उपटत मला म्हणाली, "तुज्या मशिनीपरास माजी शेळी बरी, मुडद्या!" काठावरचे सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला उलटी झाली.

इंजिन ऑफिसच्या आवारात आणलं. बातमी ऐकून मिस्त्री सायकल टाकून धावत आले. त्यांनी इंजिनासमोर बसून मोडका पंखा बघितला. मग मधल्या गोलावर अंगठा फिरवला, जिथे त्यांची गदा असायला हवी होती. नंतर इंजिनाखालची मोकळी जागा बघितली, जिथे फळी असायला हवी होती. मी चार पावलांवर उभा होतो. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"कुनी गेलं न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही. सगळे आले."

"मग झालं," म्हणाले, आणि हात पुसले.

चौकशी झाली. कागदावर पहिलं वाक्य मीच लिहिलेलं होतं. ते अजून जसंच्या तसं आठवतं: 'सदर होडीच्या इंजिनात बाहेरील कारागिराने केलेल्या फेरबदलांमुळे होडीची कार्यक्षमता घटल्याचे दिसून येते.' साहेबांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, "इंजिनाला तुम्ही हात लावला होता का?" मी शेजारीच उभा होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं असतं तर मी बोललो असतो असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. पण त्यांनी बघितलंच नाही. समोर बघत म्हणाले, "व्हय सायब. हात माजाच लागलाय."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या मागे धावलो. काय बोलणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. तेच म्हणाले, "घड्याळसायब, पोरगं पयल्या कुस्तीत चीत झालं की वस्ताद सांगतोय, डाव मीच चुकीचा शिकीवला. तालमीची रीतच हाय ती. जावा, काम करा." आणि सायकलवर टांग टाकून गेले.

तोवर त्यांच्याकडे होणारं आमच्या खात्याच्या पंपांचं सगळं ओतकाम त्यानंतर दुसरीकडे जायला लागलं. शहरात बोभाटा झाला की दस्तगीरच्या पंख्यानं माणसं झाडावर चढवली. तालमीतली पोरंसुद्धा चिडवायची, "वस्ताद, बाभळीला पंखा लावणार काय?" ते मोठ्यानं हसायचे आणि चिडवणाऱ्याला मातीत लोळवायचे. शेतकऱ्यांचे पंप त्यांच्याकडे येत राहिले, त्यामुळे भट्टी विझली नाही. पण सरकारी पंपावर त्यांची गदा पुन्हा कधी ठोकली गेली नाही. मी कायम झालो.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणखी एक गोष्ट केली. ही मी बायकोलाही सांगितली नाही. मिस्त्रींचा पंखा मी कपाटात ठेवला होता. होडीला तोच हवा हे मला माहीत होतं, पण ज्याला कागदावर दोषी ठरवलं त्याची खूण होडीवर कशी ठेवणार? मी एक कानस आणली आणि ती छोटी गदा घासून काढली. मग पंखा बसवला, फळीचे दोन तुकडे बसवले, खीळ एक भोक आत घेतली. त्यानंतरच्या प्रत्येक पुरात होडी भरल्या अंगानं उठली आणि माणसं घेऊन आली. एकदा उठलेली बघून साहेबांनी मला प्रशस्तिपत्र दिलं. दुसऱ्या जिल्ह्यांतले लोक मला बोलवायला लागले. मी फळ्यावर आकृत्या काढून सांगायचो: भार पुढे घ्या, इंजिन वर घ्या, पंख्याचा कल कमी ठेवा. जोतिबाच्या पायऱ्यांचं उदाहरणसुद्धा द्यायचो. लोक वह्यांत लिहून घ्यायचे. मिस्त्रींचं नाव मी एकदाही घेतलं नाही.

त्यांना कळलं होतं. एका वर्षी घाटावर सराव चालू असताना ते सायकल धरून उभे दिसले. होडी निघाली आणि त्यांचे ओठ हलायला लागले. ती उठताच त्यांनी मांडीवर थाप मारली. "अठरा!" मला बघून डोळा बारीक केला आणि म्हणाले, "कंपनीचा पंखा लई भारी हाय की, सायब!" त्या आवाजात टोमणा किती आणि आनंद किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. मला वाटतं, आनंदच जास्त होता.

मग माझी बदली झाली. काही वर्षांनी ती होडी मोडीत निघाली तेव्हा मी ओळखीनं तेवढा पंखा मागून घेतला. ऐंशीचं दशक सरत आलं असताना तुकाराम आंबींचा निरोप आला की वस्ताद आजारी आहेत. मी पंखा पिशवीत घातला आणि कोल्हापूरची एसटी धरली. हातकणंगल्यापासून पुढे खिडकीत बसून एकच वाक्य घोकत होतो. ते वाक्य सांगायलाच निघालो होतो.

मिस्त्री छपराखाली खाटेवर बसले होते. अंग उतरलं होतं, मिशी पांढरी, पण आवाज तोच. "हमीदा, बघ कोन आलंय! घड्याळसायब! चा टाक." मी पिशवीतून पंखा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पात्यांवरून हात फिरवला, जसा कुणी जनावराच्या पाठीवरून फिरवतो. मग अंगठा मधल्या गोलावर गेला आणि घासलेल्या जागेवर थांबला.



"समतोल ठेवलायस की," ते म्हणाले. "एका अंगाला घासलं म्हणून दुसऱ्या अंगालाबी तेवढंच घासलंयस. न्हायतर इंजान थरथरलं असतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शिकलास रं." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती.

"वस्ताद, मला एक सांगायचं होतं..."

"आधी बैठका," ते म्हणाले. "घड्याळ चालू हाय का बंद पडलं बघू दे."

"या वयात?"

"वय तुजं न्हाय, माजं झालंय. मार."

मी चप्पल काढली. त्यांनी डोळे मिटले आणि पंख्याचं एक पातं धरून मोजायला लागले. हमीदाभाभी चहाचे कप घेऊन दारात थांबल्या, पदर तोंडाला लावून हसत. बारा झाल्या, पंधरा झाल्या, माझे गुडघे बोलायला लागले. अठराव्या बैठकीला त्यांनी तळहात हळूच वर नेला आणि डोळे न उघडता म्हणाले, "उठली."

मी खाली बसलो. मला दम लागला होता. बोलायला तोंड उघडलं तर नुसती हवा येत होती. तेवढ्यात तालमीतले दोघे-तिघे भेटायला आले, मिस्त्रींनी त्यांना माझी ओळख करून दिली, "हे आमचं घड्याळ," सगळे हसले, चहा झाला, गप्पा झाल्या, माझी एसटीची वेळ झाली. निघताना ते म्हणाले, "सांगायचं ऱ्हायलं न्हवं काय तरी? पुढच्या खेपंला सांग." मी मान हलवली. पंखा त्यांनी ठेवून घेतला नाही. "तू सांभाळलायस, तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे," म्हणाले.

दीड महिन्यानं ते गेले.

पंखा आज माझ्यासमोर टेबलावर आहे. घासलेल्या जागेवर दुसऱ्या कुणाकडून गदा कोरून घ्यायचं मनात आलं होतं, पण ती त्यांच्या हातची नसेल. म्हणून जागा तशीच ठेवली आहे. एसटीत घोकलेलं वाक्य मात्र इथे लिहितो. वस्ताद, तुमचा पंखा मी काढला, खोटं मी लिहिलं, तुमचं नावही मीच घासलं. चूक माझी होती. मला माफ करा.